खुर्चीत बसलेला शर्ट

पडद्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकला आणि हॉलमधली सगळी कुजबुज जागच्या जागी थांबली.

ठिपक्याखाली एक रेघ उतरली. रेघेला आडवे खांदे फुटले, खांद्यांना हात फुटले, हातांना कोपर. बघता बघता भल्यामोठ्या पडद्यावर रेघांचा एक माणूस ऐसपैस बसला. पडद्यावर चित्र होतं ते समोरच्याच खुर्चीचं, आणि त्या खुर्चीत तर कोणीच नव्हतं. खुर्चीच्या उंच पाठीवर निळ्या चौकड्यांचा एक शर्ट चढवलेला होता. बटणं वरपर्यंत लावलेली, बाह्या खुर्चीच्या हातांवर सोडलेल्या. गळ्याच्या वर एक गोल पांढरी उशी ठेवलेली, आलेल्याला डोकं टेकायला म्हणून. बाकी काही नाही.

"आला!" पुढच्या रांगेतून कोणीतरी किंचाळलं.

"आला नाही," सेतूजी हळुवार हसले. "तो गेला होताच कुठे? तुम्हाला दिसत नव्हता, आज दिसला. एवढंच."

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा तो हॉल माणसांनी खच्चून भरला होता. दाराशी टोपल्यांमध्ये सगळ्यांचे मोबाइल काढून ठेवलेले, कारण मोबाइलच्या लहरींनी म्हणे 'पलीकडचे' बिचकतात. सेतूजींच्या अंगावर झगा नव्हता, कपाळाला काही फासलेलं नव्हतं. फिकट रंगाचा इस्त्रीचा कोट, गालाला चिकटलेला छोटा माइक. त्यांचं सगळं 'शास्त्रीय' होतं.

"शरीर म्हणजे काय? कंपनं! मन म्हणजे काय? कंपनं! आता मला सांगा, कंपनं मरतात का? शास्त्रज्ञांना विचारा. ते गप्प बसतात!"

हॉलमध्ये शास्त्रज्ञ कोणी नव्हतेच. त्यामुळे ते गप्पच बसले.

पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ काठी गुडघ्यात धरून बसले होते. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. डावा हात त्यांनी उचलला आणि खुर्चीकडे बघून हलवला.

"बाळा, ओळखलंस का रे?"

शर्टाची उजवी बाही किंचित हलली. पडद्यावरच्या रेघांनी हात वर केला. हॉलमध्ये हुंदक्यांची लाट उठली.

"बाळा, माझा हा हात..."

सेतूजींनी डोळे मिटले, मान तिरकी केली. "तो म्हणतोय, बाबा, हाताला छळू नका. तुम्ही त्याला ताण देता तेव्हा मला इकडे दुखतं. तुमचा हात मी उचलीन. माझ्यावर सोडा."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "सोडलं रे बाळा. सोडलं तुझ्यावर."

मागच्या भिंतीशी त्यांची मुलगी उभी होती. सगळा हॉल रडत होता आणि तिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. कारण तो रेघांचा माणूस तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तिचं त्याच्याशी रोजचंच काम होतं.

घरात तिला थोरली म्हणत आणि तिच्या भावाला धाकटा. बाबा शिंपी. गल्लीच्या टोकाला त्यांचं एका मशीनचं दुकान, आणि त्या मशीनवर त्यांनी दोन्ही मुलांना शिकवलं. थोरली सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट झाली. झटका येऊन अर्धं अंग गेलेली माणसं तिच्याकडे यायची, आणि त्यांना पुन्हा उभं करायचं, चालवायचं, घास तोंडाशी न्यायला शिकवायचं हे तिचं काम. धाकट्याचं शिक्षणात कधी मन रमलं नाही. तो व्हिडिओ गेमची यंत्रं दुरुस्त करायच्या दुकानात कामाला लागला आणि हातात स्क्रूड्रायव्हर आला की जेवणखाण विसरू लागला.

थोरलीची खोली एक्स-रेच्या खोलीशेजारी, व्हरांड्याच्या टोकाला. दोन खाटा, एक आरसा, भिंतीला लावलेला दांडा, एवढ्यावर कारभार. नवी उपकरणं मागितली की वरून उत्तर यायचं, 'विचाराधीन'. एकदा जेवताना ती चिडून हे सांगत होती तेव्हा धाकटा म्हणाला, "ताई, तुला त्या महागड्या मशीनमध्ये नक्की काय हवंय ते सांग. नाव नको, काम सांग."

"पेशंट कुठल्या पायावर किती भार देतो ते कळायला हवं. हात किती वर गेला ते मोजायला हवं. आणि मुख्य म्हणजे, तेच तेच करून त्यांना कंटाळा येता कामा नये."

"हात्तिच्या! हे तर सगळं आमच्या भंगारात पडलंय."

शहरातलं एक गेम पार्लर तेव्हा नुकतंच बंद पडलं होतं. धाकट्याने तिथून पोतं भरून सामान आणलं आणि थोरलीच्या खोलीचा कायापालट केला. उभं राहून खेळायची जी फळी असते, वजनाचा तोल ओळखणारी, ती त्याने आरशासमोर ठेवली. पेशंट डावीकडे झुकला की पडद्यावरची होडी डावीकडे, उजवीकडे झुकला की उजवीकडे. होडी मधोमध राहिली की तोल सावरला. गाडीच्या खेळाचं चाक स्पंज गुंडाळून मनगटाच्या व्यायामाला लावलं. नाचायच्या चटईवर पावलं टाकायला शिकवू लागले. आणि खेळाचा तो कॅमेरा, माणसाच्या हालचाली ओळखणारा, तो भिंतीवर बसवून त्याने झाड केलं. पेशंटने हात उचलला की पडद्यावरचा हिरव्या रेघांचा माणूस हात उचलायचा आणि झाडावरचं फळ तोडायचा. आज जिथवर हात पोचला, उद्या फळ त्याच्या बोटभर वर. जे म्हातारे व्यायामाच्या नावाने तोंड फिरवायचे, ते आता एकमेकांना विचारायचे, "तुमची किती फळं झाली?"

त्या कॅमेऱ्याला एक खोड होती. खोलीत स्टँडवर कोणी कोट अडकवला की तो त्यालाच माणूस समजायचा आणि कोटाच्या अंगावर हिरव्या रेघा उभ्या करायचा. एकदा तर सगळे पेशंट बघत असताना यंत्राने कोटाला बजावलं, 'उजवा हात आणखी वर!' सगळी खोली पोट धरून हसली.

"असं का करतो रे हा?" थोरलीने विचारलं होतं.

"त्याला एकच काम शिकवलंय, माणूस शोध. वर काहीतरी गोल, खाली खांद्यांसारखा उतार, दोन बाजूंना हातांसारखं काहीतरी. जमलं की तो म्हणतो, सापडला. कोट जिवंत आहे का हे विचारायचं त्याला शिकवलेलंच नाही, ताई."

मग एका पावसाळी सकाळी कामाला जाताना एका ट्रकने धाकट्याला उडवलं. दवाखान्यात आणलं तेव्हा थोरली ड्यूटीवरच होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

वर्ष उलटायच्या आत बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं. ज्या हाताने कात्री चालवली तो हात लोंबकळू लागला. थोरलीने बाबांना आपल्याच खोलीत आणलं, मुलाने बांधलेल्या यंत्रांसमोर उभं केलं. बाबा आधी रडले, मग चिडले, मग हळूहळू खेळू लागले. पाय सावरला, काठीने चालू लागले. खांदा वर जाऊ लागला. मूठ उघडू लागली. एक दिवस त्यांनी चिमटीत खडू धरून कापडावर वाकडी का होईना, रेघ ओढली. थोरलीने ते कापड घडी करून कपाटात ठेवलं. झटक्यानंतरचे पहिले महिने सोन्यासारखे. तेव्हा मेंदू नव्या वाटा शोधत असतो. आता थांबायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

आणि नेमके तेव्हा सेतूजी शहरात आले.

त्या दिवशी हॉलमधून घरी परतल्यावर थोरलीने हात न धुताच विषय काढला.

"बाबा, तो कॅमेरा आहे. आपल्याकडे आहे तसलाच. कोटावर माणूस दाखवतो, तोच प्रकार."

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"सेतूजींनी स्वतःच सांगितलंय. म्हणाले, यंत्र हा नुसता डोळा. रेडिओतून गाणं येतं म्हणून गाणारा खोटा ठरतो का?"

माणूस मोठा बेरकी होता. जे उघडं पडण्याची भीती, ते त्याने आधीच सांगून टाकलं होतं, फक्त अर्थ उलटा करून.

"बरं. मग उद्या शर्ट घेऊन माझ्या खोलीत या. आपल्या कॅमेऱ्यासमोर ठेवू. मीच दाखवते."

"त्याच्या शर्टाला हात लावायचा नाही!" बाबा इतक्या जोराने ओरडले की शेजारच्या खिडकीत दिवा लागला. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुझा भाऊ आहे तो. तुला आनंद नाही का होत?"

"माझा भाऊ असता तर तुम्हाला व्यायाम सोडा म्हणाला असता?"

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. उघडलेली मूठ पुन्हा मिटत चालली.

थोरलीच्या खोलीतला एकेक पेशंट गळू लागला. कोणाची वारलेली आई म्हणायची, गोळ्या कडू असतात, नको घेऊस. कोणाचा भाऊ म्हणायचा, सुया टोचू नकोस. पलीकडचे सगळे जणू दवाखान्यावरच दात धरून होते. थोरलीला त्यातलं गणित लवकरच उमगलं. माणूस बरा झाला, कामाला लागला, हिंडूफिरू लागला की आठवड्याला 'भेट' घ्यायला कोण येणार? आणि 'विशेष भेटी'चं वेगळं मोल कोण मोजणार?

तिच्याकडे एक आजी यायच्या. पाच फळं तोडली की सहावं स्वतःच्या नातवासाठी तोडायच्या. सेतूजींच्या खुर्चीत बसून त्यांच्या वारलेल्या नवऱ्याने त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. एका दुपारी त्यांना स्ट्रेचरवरून आणलं. दुसरा झटका. तोंड वाकडं झालेलं, शब्द गेलेले. त्यांनी थोरलीचा हात घट्ट धरला आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. ओठांतून नुसता आवाज निघाला.

थोरलीने त्यांचा हात सोडवला, व्हरांड्यात आली आणि भिंतीवर मूठ आपटली.

"हाताला लागेल की," वॉर्डातली सिस्टर मागून म्हणाली. सिस्टर म्हणजे अंगाने भरदार आणि आवाजाने त्याहून भरदार. तिच्या हाकेने भूल दिलेला पेशंटही डोळे उघडतो असं डॉक्टर म्हणायचे. "रडायचं असेल तर रड. नाहीतर सांग, काय करायचं?"

"त्याचा पडदा फाडायचाय."

"मग एक मेलेला माणूस लागेल ना?"

"आपल्याकडे कुठे आहे?"

"माझा नवरा आहे की," सिस्टर म्हणाली.

सिस्टरचा नवरा अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. ठणठणीत माणूस. पुढच्या सभेला त्याचा खाकी शर्ट घेऊन सिस्टर व्यासपीठासमोर गेली, पदर डोळ्यांना लावून. ड्रायव्हर शेवटच्या रांगेत, थोरली भिंतीशी. बाबा नेहमीसारखे पहिल्या रांगेत. मुलगी आलेली त्यांनी पाहिली आणि नजर वळवली.

शर्ट खुर्चीवर चढला. उशी बसली. हिरवा माणूस उमटला. सेतूजींनी मान तिरकी केली.

"अकाली गेले. छातीत त्रास होता. पण आता शांत आहेत. तुमची फार आठवण काढतात."

"आठवण काढतात?" सिस्टरने पदर खाली घेतला. "मग हा नक्की दुसऱ्याच कोणाचा तरी नवरा."

शेवटच्या रांगेत ड्रायव्हर उभा राहिला. "महाराज, मी इथे आहे. छातीही बरी आहे."

हॉलमध्ये खसखस पिकली. थोरलीला वाटलं, झालं, जिंकलं. पण सेतूजींच्या चेहऱ्यावरची इस्त्रीसुद्धा मोडली नाही. त्यांनी ड्रायव्हरकडे फार कणवेने पाहिलं.

"मला हे सर्वांसमोर सांगायचं नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "कधी कधी माणसाची छाया त्याच्या आधी पलीकडे पोचते. ताई, ह्यांना जपा. वेळ थोडा आहे."

आणि पन्नास बायका एकदम हळहळल्या. "अगं बाई!" "बिचारा!" ड्रायव्हरच्या पाठीवरून कोणी हात फिरवू लागलं. त्याचा चेहरा पडला. धडधाकट माणसाला भरसभेत मरण सुनावलं होतं आणि लोक त्यालाच धीर देत होते! थोरली ओरडली, "अहो, तो फसवतोय तुम्हाला! शर्ट कोणाचाही असो, रेघा येणारच!" पण तिच्यावर माणसं धावून आली. "बाहेर काढा हिला!" "कोणाच्या दुःखाची थट्टा करते?"

"थांबा," सेतूजींनी हात वर केला. "तिला दोष देऊ नका. ती दुखावलेली आहे. हिच्याच भावाला बोलावू. तोच सांगेल."

निळ्या चौकड्यांचा शर्ट खुर्चीवर चढला. उशी बसली. पडद्यावर रेघांचा माणूस थरथरत उभा राहिला. बाबांनी काठी घट्ट धरली.

"बाळ," सेतूजी म्हणाले, "तुझी ताई म्हणते तू नाहीस. ती खोटं बोलते आहे ना?"

बाही हलली. पडद्यावर हात वर गेला. होय.

भाऊ गेला तेव्हाही थोरलीला इतका संताप आला नव्हता. ट्रकने निदान त्याला मारलंच होतं. ह्या माणसाने त्याच्या तोंडून तिला खोटं ठरवलं होतं. ती व्यासपीठाकडे चालू लागली. दोन सेवकांनी तिचे दंड धरले.

"बाबा!" ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "तुम्ही सांगा. तो मला कधी खोटारडी म्हणाला होता का? एकदा तरी?"

बाबांनी खुर्चीकडे पाहिलं. मग काठी टेकून उठले.

"बसा, काका," सेतूजी म्हणाले. "जवळ गेलात तर तो बिचकेल."

"माझा मुलगा मला नाही बिचकायचा," बाबा म्हणाले आणि पाय ओढत व्यासपीठावर चढले. म्हाताऱ्याला अडवायला कोणाचा हात झाला नाही. ते खुर्चीपाशी पोचले. हा शर्ट त्यांनीच बेतला होता, त्यांनीच शिवला होता. डाव्या हाताने त्यांनी त्याची बाही धरली, जणू मुलाचं मनगट धरावं तशी. आणि तसेच थांबले. कपाळाला आठी पडली. बाही सोडून त्यांनी हाताचा पंजा हवेत धरला.

"वारा येतोय," ते म्हणाले.

सेतूजी त्यांना आवरायला इतके जवळ आले होते की गालावरच्या माइकमधून ते दोन शब्द सगळ्या हॉलभर गेले.

"कंपनं आहेत ती, काका..."

"वारा आहे." बाबांनी काठीने मागचा पडदा बाजूला सारला. खाली, बाहीच्या बरोबर उंचीवर, लहानसा टेबलफॅन होता आणि त्याच्या बटणावर हात ठेवून एक सेवक उकिडवा बसला होता. तो लाजून उठून उभा राहिला.

"बाबा, उशी," थोरली म्हणाली. "उशी काढा."

"उशीला हात लावलात तर तो परत कधीही येणार नाही!" सेतूजींचा आवाज पहिल्यांदाच चिरकला.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. रेघांचा मुलगा तिथे बसला होता. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, गाडी सुटायच्या आधी बघतात तसे. मग त्यांनी उशी उचलली.

पडद्यावरचा माणूस थरथरला आणि नाहीसा झाला.

बाबांनी उशी परत ठेवली. माणूस आला. उचलली. गेला. ठेवली. आला. तिसऱ्यांदा त्यांनी उशी उचलली ती सेतूजींच्या पायाशी फेकली.

सेवकांचे हात आपोआप सैल पडले होते. थोरलीने पुढे होऊन खुर्चीसमोरच्या टेबलावरचा रेशमी कपडा ओढला. खाली, पुढची काच तेवढी उघडी ठेवून लपवलेला, काळा, लांबट डबा निघाला. तिने तो उचलून सगळ्यांना दाखवला आणि परत जागेवर ठेवला.

"हा खेळाचा कॅमेरा. पोरं ह्याच्यासमोर उड्या मारून खेळायची. भंगारात मिळतो. माझ्या दवाखान्यात असलाच आहे, त्यावर आम्ही लोकांचे हात बरे करतो. हा डोळ्याला न दिसणारे उजेडाचे ठिपके सोडतो आणि ते कुठे पडले त्यावरून समोरची वस्तू किती लांब, कसल्या आकाराची ते ओळखतो. मोबाइल काढून घेतात ते कशासाठी? बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात हे ठिपके दिसतात म्हणून!"

"खरंच?" कोणीतरी विचारलं.

सिस्टर एवढ्यात टोपलीतून आपला मोबाइल घेऊन आली होती. तिने तो शर्टासमोर धरला. "अगं बाई, ह्याला तर गोवर आलाय!" माणसं तिच्याभोवती गोळा झाली. मोबाइलमध्ये निळ्या शर्टावर असंख्य पांढरे ठिपके चमचमत होते.

"ह्या यंत्राला माणूस शोधायला शिकवलंय," थोरली म्हणाली. "वर गोल, खाली खांदे, बाजूला हात. उशी म्हणजे डोकं, खुर्चीची पाठ म्हणजे खांदे. तो थरथरतो कारण यंत्राची खात्री पटत नसते. आणि तुम्ही म्हणता, तो रडतोय! रेडिओवर गाणारा खोटा नसतो, हे खरं. पण इथे कोणी गातच नाहीये. बघा."

कोपऱ्यात फरशी पुसायचा दांडा होता. सिस्टरने त्याला नवऱ्याचा खाकी शर्ट हँगरसकट अडकवला, वर उशी खोचली. पडद्यावर हिरवा माणूस उभा राहिला.

"हा कोणाचा आत्मा?" सिस्टरने विचारलं. "बोला ना, सेतूजी! ह्याला छातीत त्रास आहे का?"

काही जण हसले. बरेच जण हसले नाहीत. एक बाई मटकन खाली बसली आणि छाती पिटू लागली, कारण ती दर आठवड्याला आपल्या लेकीशी बोलत होती. दोघे-तिघे बाह्या सावरून व्यासपीठाकडे धावले.

"मारायचं नाही!" थोरलीने आडवे हात केले. "ह्याला मार खाऊन सुटू द्यायचं नाही. पोलिसांत जायचं. ज्या आजींच्या गोळ्या ह्याने बंद केल्या त्यांचं काय झालं ते ह्याने तिथे सांगायचं."

सेतूजी मागच्या दाराने सटकू पाहत होते. तिथे ड्रायव्हर उभा होता. त्याने कोटाची कॉलर दोन बोटांत धरली.

"कुठे निघालात? माझी वेळ किती थोडी आहे, तेवढं सांगून जा."

घरी परतल्यावर, रिक्षातून दाराशी उतरताना बाबा म्हणाले, "माझ्या हातांनी त्याला दुसऱ्यांदा पाठवलं मी."

"बाबा..."

"तुझं बरोबर होतं. पण आज माझ्याशी बोलू नकोस."

ती बोलली नाही. खरं सांगणाऱ्याचं लोक लगेच कौतुक करतात, असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. बाबा कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. गल्लीतल्या काही घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मग एका सकाळी बाबा आपण होऊन दवाखान्याच्या खोलीत आले, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "लाव तुझं ते झाड."

खांदा पुन्हा वर गेला. मूठ अर्धी उघडली. पण अंगठा आला नाही. जे महिने गेले ते गेले. थोरलीने सगळे उपाय केले. पुन्हा कात्री धरण्याइतका अंगठा वळलाच नाही. आजींची वाचा परतली नाही. हिवाळ्यात त्या गेल्या. सेतूजींवर खटला चालू आहे. ते जामिनावर आहेत आणि दुसऱ्या शहरात 'ध्यानाचे वर्ग' घेतात असं कळतं. रागाने अंगाचा तिळपापड व्हावा अशी गोष्ट आहे ही, आणि होऊ द्यावा. एकाच वस्तूतून एका पोराने लोकांना घास तोंडाशी न्यायला शिकवणारं यंत्र केलं आणि दुसऱ्याने लोकांच्या तोंडचा घास काढणारं. डबा तोच, तारा त्याच. फरक वापरणाऱ्याच्या हेतूचा, आणि बघणाऱ्याने तोंड उघडलं की नाही ह्याचा.

आता थोरली, सिस्टर आणि बाबा सुट्टीच्या दिवशी गावोगाव जातात. कुठे शाळेत, कुठे चौकात. थोरली कॅमेरा मांडते, सिस्टर लोकांना हसवते. शेवटी बाबा काठी टेकून उभे राहतात. गेल्या वेळी एका बाईने त्यांना विचारलं, "काका, खोटं का असेना, माझी लेक मला दिसत होती. तेवढं सुख तरी कशाला हिरावता?"

बाबा तिच्याजवळ गेले.

"बाई, मीही तेच म्हणत होतो. तुझ्या लेकीसाठी रड. मी रोज रडतो. तिच्याबद्दल बोल, मी दिवसभर ऐकत बसेन. पण ती तुझ्याशी बोलते असं कोणी सांगितलं, तर त्याला विचार, कशी? मला दाखव. झाकलेलं उघड. आणि तो रागावला, घाबरवू लागला, तर समज. मला हे विचारायला उशीर झाला." त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून सगळ्यांना दाखवला. "प्रश्न विचारला म्हणून गेलेला माणूस आणखी लांब जात नाही. पण प्रश्न विचारला नाही, तर घरातली जिवंत माणसं हातची जातात. तेव्हा विचारा. मला विचारा, हिला विचारा, डॉक्टरला विचारा. कोणालाही सोडू नका."

त्या बाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं. मग पहिला तुम्हालाच विचारते. हा तुमचा डबा चालतो कसा, ते मला पुन्हा नीट सांगा."